वाचनाची विचारपूस

खानदेशांतील साक्री हें आमचें गांव. येथें दोन ओळखीचे गृहस्थ रस्त्यांत भेटले म्हणजे पावसाची, कांद्याच्या भावाची आणि घरच्या माणसांच्या प्रकृतीची विचारपूस होते. वाचनाची होत नाहीं. हें आम्ही गाऱ्हाणें म्हणून सांगत नाहीं. पावसाविषयीं विचारणाऱ्याला उत्तराची खरी गरज असते, म्हणून उत्तर देणाराही खरें बोलतो. पिंपळनेरकडे बरा झाला, दहिवेलला नुसता शिडकावा, आमच्या शेतांत वीतभर ओल गेली, असें मोजूनमापून उत्तर येतें. न पडलेल्या पावसाची बढाई कोणी मारीत नाहीं. कारण ती ऐकून शेजारी पेरणी करून बसेल, आणि मग त्याच्या बियाण्याचा हिशेब आपल्या दारीं येईल.

‘सध्यां काय वाचतां?’ हा प्रश्न सुशिक्षित मंडळींत ज्या रीतीनें विचारला जातो आणि त्याचीं जीं उत्तरें मिळतात, तीं एकदां ह्या पावसाच्या कसोटीला लावून पाहावीं, असें पुष्कळ दिवस आमच्या मनांत होतें. निमित्त झालें तें सतीश काळसेकर ह्यांच्या ‘वाचणाऱ्याची रोजनिशी’ ह्या पुस्तकाच्या दुसऱ्यांदा केलेल्या वाचनाचें. मराठींत ह्या प्रश्नाला इतकें सविस्तर आणि इतकें मनमोकळें उत्तर दुसऱ्या कोणीं दिल्याचें आम्हांस आठवत नाहीं. परंतु त्या पुस्तकाकडे वळण्यापूर्वीं आमच्या बाजूची थोडी जुनी हकीकत सांगितली पाहिजे. कारण आम्ही तें पुस्तक वाचलें तें साक्रींत बसून, आणि आमचें मत बरेंचसें त्यामुळें बनलें आहे.

वाचन ही एकट्यानें, तोंड मिटून करावयाची गोष्ट आपल्याकडे झाली ती फार जुनी नव्हे. चातुर्मासांत देवळांत किंवा एखाद्याच्या ओसरीवर पोथी लागे. श्रीधराचा ‘हरिविजय’, ‘रामविजय’, नाहीं तर ‘पांडवप्रताप’. एकानें वाचावें, दुसऱ्यानें अर्थ सांगावा आणि बाकीच्यांनीं ऐकावें. अर्थ सांगणारा आमच्याकडे बहुधा अहिराणींतच सांगे, त्यामुळें पांडव आणि कौरव कान नदीच्या काठीं भांडत आहेत असें वाटे. ‘हरिविजया’चे अध्याय ३६, ‘रामविजया’चे ४०, ‘पांडवप्रतापा’चे ६४. रोज एक अध्याय धरला तरी श्रावण संपे आणि पोथी उरे. अशा वेळीं बायकांत दुसऱ्या दिवशीं जी विचारपूस होई ती ‘कोणती पोथी?’ अशी नसे. पोथीचें नांव साऱ्या आळीला ठाऊक असे. ‘पोथी कुठवर आली?’ असा प्रश्न असे. जिची आदली रात्र पाहुण्यांत किंवा आजाऱ्याच्या उशाशीं गेली असेल, तिला शेजारणीनें राहिलेला भाग सांगावयाचा. सांगतांना ती कांहीं गाळी, कांहीं वाढवी, कर्णाची बाजू जरा जास्त घेई, द्रौपदीवर रागावे. आमच्या मते खेड्यांतली समीक्षा ती हीच, आणि ती पोथी संपण्याची वाट पाहात नसे.

अहिराणींत ‘काय वाचतो आहेस?’ ह्याला ‘काय वाची ऱ्हायना?’ असें म्हणतात. ‘ऱ्हायना’ म्हणजे राहिला. व्याकरणाच्या दृष्टीनें हा साधा अपूर्ण वर्तमानकाळ आहे आणि त्याच्यावर तत्त्वज्ञानाचा बोजा घालणें बरें नव्हे, हें आम्ही जाणतों. तरी पण हा प्रश्न ऐकला कीं, ‘तूं सध्यां कोणत्या पुस्तकांत राहावयास गेला आहेस, आणि तेथें तुझें बिऱ्हाड कसें काय लागलें आहे?’ असें कोणी विचारतें आहे असा भास होतो खरा.

छापील पुस्तकें आल्यावर ही ‘कुठवर’ची विचारपूस लगेच नाहींशी झाली असें नव्हे. हरिभाऊ आपटे ह्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो’ ही कादंबरी १८९० पासून ‘करमणूक’ साप्ताहिकांतून क्रमशः येऊं लागली, तेव्हां निरनिराळ्या गांवांतलीं घरें एकाच प्रकरणापाशीं थांबून पुढच्या अंकाची वाट पाहात असलीं पाहिजेत. तेथेंही नांव एकच आणि प्रश्न ‘कुठवर’ हाच. ग्रंथ आरंभापासून शेवटपर्यंत एकाच बांधणींत प्रत्येकाच्या हातीं स्वतंत्रपणें पडूं लागल्यावर मग ‘कुठवर’ मागें पडलें आणि ‘कोणतें’ पुढें आलें. ‘कोणतें’ ह्या प्रश्नाला नुसतें नांव सांगून मोकळें होतां येतें. नांव सांगावयाला पुस्तक वाचावें लागत नाहीं.

खानदेशापुरतें पाहिलें तर ह्या बाबतींत दोन गोष्टी लक्षांत ठेवण्यासारख्या घडल्या. पहिली अमळनेरची. साने गुरुजी १९२४ पासून १९३० पर्यंत तेथील प्रताप हायस्कुलांत शिक्षक होते आणि छात्रालयाची व्यवस्था त्यांच्याकडे होती. त्या मुलांकरितां ते ‘छात्रालय दैनिक’ नांवाचें हस्तलिखित दैनिक स्वतः लिहून काढीत. वाचलेलें, पाहिलेलें, सुचलेलें तें त्यांत उतरे आणि दुसऱ्या दिवशीं मुलांपुढें येई. त्या लेखणीचा पुढें जो विस्तार झाला तो सर्वांना माहीत आहे. आमच्या मते ‘श्यामची आई’ (१९३५) ज्या हातानें लिहिली त्याला वळण लागलें तें ह्या दैनिकांत; कारण तेथें ऐकणारा समोर बसलेला होता, आणि खोटें मोठेपण मुलांना लगेच कळतें.

दुसरी गोष्ट धुळ्याच्या तुरुंगांतली. धुळें आमच्या गांवाहून पूर्वेस ५५ किलोमीटरांच्या आसपास. २१ फेब्रुवारी १९३२ पासून १९ जून १९३२ पर्यंतच्या १८ रविवारीं विनोबांनीं तेथें बंदिवानांपुढें गीतेचे १८ अध्याय सांगितले, आणि साने गुरुजींनीं ते ऐकतां ऐकतां लिहून घेतले. ‘गीता प्रवचनें’ हें पुस्तक तें हेंच. त्याची गणना धर्मग्रंथांच्या भाष्यांत करतात आणि ती चुकीची नाहीं. परंतु त्याच्याकडे एका समुदायाच्या चालू वाचनाचा वृत्तान्त म्हणूनही पाहतां येतें. लोकमान्यांनीं ‘गीतारहस्य’ मंडालेच्या तुरुंगांत १९१०-११ च्या सुमारास लिहिलें. तोही तुरुंगच आणि तीही गीताच. पण मंडालेचा वाचक एकटा होता. त्याच्यापुढें ग्रंथांची रास होती आणि विरुद्ध पक्षाचे पंडित मनांत उभे होते. म्हणून तो ग्रंथ वादाचा झाला, आणि त्याची भव्यता त्या एकटेपणांतून आली. धुळ्याला समोर माणसें होतीं. त्यांतल्या किती जणांना संस्कृत येत असेल? त्यांना पुढच्या रविवारपर्यंत पुरेल एवढेंच द्यावयाचें होतें. म्हणून विनोबांचें वाक्य आंखूड आहे, दृष्टान्त शेताचा, आईचा, चुलीचा आहे, आणि विषय सुटला तरी माणूस सुटूं नये अशी धडपड पानोपानीं दिसते. दोन्ही पुस्तकें एकापाठोपाठ वाचलीं कीं, वाचन कोणासमोर मांडलें त्यावर लेखनाचें रूप केवढें अवलंबून असतें हें ध्यानांत येतें.

आतां काळसेकरांच्या पुस्तकाकडे वळूं.

सतीश काळसेकर (१९४३–२०२१) हे मूळचे कवी, १९६० नंतर मुंबईंत उठलेल्या लघुअनियतकालिकांच्या चळवळींतले. ‘आपले वाङ्मय वृत्त’ ह्या मासिकांत ते महिन्यामागून महिना आपल्या वाचनाविषयीं लिहीत असत. त्या लेखांचें पुस्तक लोकवाङ्मय गृहानें २०१० सालीं काढलें आणि त्याला २०१३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. समीक्षाग्रंथ नव्हे, निबंधसंग्रह नव्हे, चरित्र तर नव्हेच. अशा पुस्तकाला तो मान मिळावा ही गोष्ट आम्हांस त्या वेळीं थोडी आश्चर्याची वाटली होती. आज वाटत नाहीं.

ह्या रोजनिशीचा पहिला गुण असा कीं, तींत पुस्तक आकाशांतून पडत नाहीं. तें कोणीतरी सांगितलेलें असतें, कोणीतरी पाठविलेलें असतें, दुसऱ्या एखाद्या पुस्तकाचें बोट धरून आलेलें असतें. ग्रंथव्यवहाराशीं काळसेकरांचा संबंध जवळचा होता. पुस्तक छापणारा, विकणारा आणि वाचणारा हीं एकाच घरचीं माणसें आहेत अशा भावनेनें ते लिहितात. कवितेवरून मासिकाकडे, मासिकावरून त्याच्या संपादकाकडे, तेथून परभाषेंतल्या एखाद्या लेखकाकडे, असें तें लेखन चालतें. वाचणाऱ्याला बरोबर घेऊन बाजारांतून हिंडावें आणि मधूनच एखाद्या दुकानापाशीं उभें राहून ‘हें पाहा’ म्हणावें, तशी त्याची चाल आहे. शास्त्रीय चिकित्सेची अपेक्षा करणाऱ्याची येथें निराशा होईल. तीं मतें आहेत, आणि पुष्कळदां मतांपेक्षां लोभ आहे. परंतु लोभही कारणासह सांगितला तर त्याचा उपयोग होतो, आणि काळसेकर कारण बहुधा सांगतात.

ह्याच्या शेजारीं गोविंद तळवलकर ह्यांचें ‘वाचता वाचता’ ठेवून पाहण्यासारखें आहे. तळवलकर (१९२५–२०१७) संपादक होते, आणि इंग्रजी ग्रंथांचा, त्यांतही इतिहास, राजकारण आणि चरित्रें ह्यांचा परिचय मराठी घरांना करून देण्याचें त्यांचें काम मोठें आहे. आमच्या पिढींतल्या कित्येकांना परदेशांतल्या कित्येक ग्रंथकारांचीं नांवें प्रथम कळलीं तीं त्यांच्यामुळें. नांव ‘वाचता वाचता’ असलें तरी तें लेखन वाचून झाल्यानंतरचें आहे. ग्रंथ मिटलेला आहे, चष्मा काढून ठेवलेला आहे आणि न्यायाधीश निकाल सांगत आहे. निकाल बहुधा योग्य असतो. तो ऐकून आम्ही शहाणे होतों. काळसेकरांचें वाचून आम्ही शहाणे होतों कीं नाहीं कोण जाणे, पण उठून कपाटाकडे जातों. दोहोंपैकीं श्रेष्ठ कोणतें हा प्रश्न आम्हांस व्यर्थ वाटतो. जो ग्रंथ आपल्या हातीं कधींच लागणार नाहीं त्याविषयीं तळवलकर वाचावेत. जो लागण्याचा संभव आहे त्याविषयीं काळसेकर.

आणि आमची अडचण नेमकी येथेंच सुरू होते. हातीं लागण्याचा संभव म्हणजे काय, हें मुंबईच्या माणसाला आणि साक्रीच्या माणसाला सारखेंच वाटत नाहीं. काळसेकरांच्या रोजनिशीमागें एक मोठें शहर उभें आहे. तेथें दुकानें आहेत, ग्रंथालयें आहेत, परभाषेंतलीं पुस्तकें आणून देणारे मित्र आहेत. साक्रीला आगगाडी नाहीं; सुरतेहून नागपूरकडे जाणारा हमरस्ता गांवावरून जातो आणि त्यावरून सर्व कांहीं धांवतें, पुस्तकें तेवढीं क्वचित् उतरतात. आमच्या एका स्नेह्यानें ह्या रोजनिशींतील कांहीं लेखांमधलीं पुस्तकांचीं नांवें कागदावर उतरून घेतलीं आणि तो कागद घेऊन तो वाचनालयांत गेला. परत आला तेव्हां त्याच्या हातांत त्या यादीबाहेरचीच एक कादंबरी होती. यादी मात्र पुढें कित्येक दिवस त्याच्या खिशांत होती. तहान लागली हें चांगलेंच झालें, असें पुण्यामुंबईचा समीक्षक म्हणेल. पण नुसत्या नांवांच्या राशीपुढें लहान गांवचा वाचक तहानलेला होतो तसा ओशाळाही होतो, आणि तें ओशाळेपण त्याला पुस्तकांच्या जवळ नेईलच असें नाहीं. हा दोष काळसेकरांच्या हेतूचा नव्हे. तो स्थळाचा आहे. तरी महिन्याच्या सदरांतलीं नांवें पुस्तकाच्या बांधणींत एकत्र आल्यावर त्यांची गर्दी वाढते, आणि दर महिन्याला थोडें थोडें वाचणाऱ्याला जो विसावा मिळाला असेल तो सलग वाचणाऱ्याला मिळत नाहीं, एवढें म्हटल्यावांचून राहवत नाहीं.

दुसरी गोष्ट ‘सध्यां’ ह्या शब्दाची. रोजनिशी छापून आली कीं तिच्यांतला ‘आज’ काल होतो. नवीं म्हणून उल्लेखिलेलीं पुस्तकें आतां जुनीं झालीं, कांहीं मिळेनाशीं झालीं. स्वतः लिहिणाराही आतां नाहीं. अशा स्थितींत त्या पानांत टिकलें काय? आमच्या मते पुस्तकांविषयींच्या मतांपेक्षां पुस्तकापर्यंत पोंचण्याच्या वाटा टिकल्या. एक माणूस चाळीस-पन्नास वर्षें वाचतो म्हणजे प्रत्यक्षांत काय करतो, त्याचा पैसा, त्याची संध्याकाळ, त्याची मैत्री कशावर खर्च होते, हें त्यांतून कळतें. आम्हांला त्यांत आणखी एक हवें होतें, आणि तें म्हणजे अर्ध्यावर टाकलेल्या पुस्तकांचा हिशेब. इतकें वाचणाऱ्या माणसानें कोणतीं पुस्तकें कोणत्या पानावर मिटलीं आणि कां मिटलीं, ह्याचें एखादें स्वतंत्र टिपण मिळतें तर आम्ही त्यासाठीं संग्रहांतले दोनचार लेख आनंदानें सोडून दिले असते.

हें मागणें चमत्कारिक वाटेल. ‘ललित’ मासिकांत ‘चोखंदळ वाचकांची निवड’ प्रसिद्ध होत आली आहे. निरनिराळ्या वाचकांना वर्षांत आवडलेलीं पुस्तकें त्यांत कळतात, आणि ग्रंथालयांना तिचा उपयोगही होतो. तेथें नावडलेल्यांची यादी कोणी मागत नाहीं, आणि तें बरोबरच आहे; उगाच वैर कशाला? परंतु निवड म्हणजे गाळून उरलेलें. चाळणींतून खालीं काय पडलें हें कळल्याखेरीज चाळणीचीं भोकें केवढीं आहेत हें कसें कळावें? कुसुमाग्रज प्रतिष्ठानाच्या छत्राखालीं नाशिकास २००९ पासून ‘ग्रंथ तुमच्या दारी’ हा उपक्रम चालला. पुस्तकांनीं भरलेली पेटी वाचकांच्या गटांत फिरते, आणि परदेशांतल्या मराठी घरांपर्यंतही त्या पेट्या गेल्या आहेत. उपक्रम नामी आहे. पुस्तक दारीं आलें. पण पेटींत आधीं कोणतें घ्यावें, हें पेटी सांगत नाहीं. तें सांगावयास आधींचा वाचकच लागतो, आणि तो खरें बोलणारा लागतो.

लहान गांवांत ह्या खरेपणाची किंमत किती, तें आम्ही आमच्याच एका चुकीवरून सांगतों.

साक्रींत आम्ही दहाबारा जण महिन्यांतून एका रविवारीं संध्याकाळीं कोणाच्या तरी घरीं जमतों. मंडळाला नांव नाहीं, वर्गणी नाहीं, अध्यक्ष नाहीं, चहा आहे. निवृत्त शिक्षक आहेत, औषधांच्या दुकानाचे मालक आहेत, दोघी गृहिणी आहेत, कॉलेजांत शिकणारी एक मुलगी आहे, किराणा दुकानांत हिशेब लिहिणारे एक गृहस्थ आहेत. प्रत्येकानें सध्यां काय वाचतों तें सांगावें, एवढाच कार्यक्रम. पहिल्या वर्षाच्या बैठकी कोणीं ऐकल्या असत्या तर साक्रीसारखें वाचणारें गांव महाराष्ट्रांत नाहीं असें त्याला वाटलें असतें. जो तो जाड पुस्तकाचें नांव घेई. त्या वर्षीं आम्हीं एका नांवाजलेल्या कादंबरीची भरपूर स्तुति केली. तिचीं नव्वद पानें आम्हीं वाचलीं होतीं. पुढची स्तुति एका परीक्षणांतून उचललेली होती. आमच्या शब्दावर वाचनालयानें तें पुस्तक विकत घेतलें. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखालीं चालणाऱ्या गांवोगांवच्या वाचनालयांना जें अनुदान मिळतें, त्यांत नव्या पुस्तकांना किती उरतें हें ज्यानें तो हिशेब पाहिला आहे त्याला ठाऊक असेल. एक जाड पुस्तक घेतलें म्हणजे दोन बारीक राहिलीं.

तें पुस्तक हिशेबनीस गृहस्थांनीं घरीं नेलें, आणि त्यानंतर ते चार महिने बैठकीला आले नाहींत. पुढें एकदां बाजारांत गांठ पडली तेव्हां आम्हीं कारण विचारलें. ते म्हणाले, “सर, तुम्हीं एवढं सांगितलं म्हणजे पुस्तक चांगलंच असणार. मलाच जमलं नाहीं. म्हटलं, आपलं काम नव्हे तें.” आम्हीं तेथेंच, कोथिंबिरीच्या ढिगापाशीं, नव्वद पानांची गोष्ट कबूल केली. गृहस्थ थोडा वेळ आमच्याकडे पाहात राहिले. मग म्हणाले, “मी तर दीडशेपर्यंत गेलों होतों!”

आम्हांस त्या दिवशीं जी शरम वाटली ती पुस्तक न वाचल्याची नव्हती. एक माणूस आमच्याहून साठ पानें पुढें गेला होता आणि तरीही आपल्याला वाचतां येत नाहीं असें समजून घरीं बसला होता. शहरांत आमच्यासारख्याच्या शब्दावर दहा दुसरे शब्द असतात. एकानें फसविलें तरी दुसरा सांवरतो. येथें प्रत एक, सांगणारा एक आणि ऐकणाऱ्याची भीड मोठी.

तेव्हांपासून बैठकींत एक रीत पडली. नांव नंतर, आधीं पान सांगावयाचें. कुठवर आलों, केव्हांपासून तेथें आहों, आणि पुढें कां जात आहों किंवा जात नाहीं. ही रीत सुरू झाल्यावर जाड पुस्तकांची संख्या घटली हें सांगावयास नकोच. औषधवाले म्हणाले, “मी तीस वर्षांपासून एकाच ठिकाणीं आहे.” ‘शिवलीलामृता’चा अकरावा अध्याय ते रोज सकाळीं वाचतात आणि दुसरें कांहीं वाचीत नाहींत. एवढें बोलून ते गप्प बसले, तरी पण कोणीं हंसलें नाहीं. उलट, रोज तेंच वाचतांना शब्द झिजतात कीं उजळतात, ह्यावर जी चर्चा झाली तशी चर्चा आमच्याकडे पूर्वीं झाली नव्हती. कॉलेजांतली मुलगी दोन बैठकी टाळून मग बोलली. ती स्पर्धापरीक्षांचीं पुस्तकें वाचते. इतिहासाचें तेंच पुस्तक चौथ्यांदा चालू आहे. तिला तें ‘वाचन’ म्हणावयाची लाज वाटत होती. आम्हीं तिला विचारलें, “अभ्यासिकेंत तुझ्या शेजारीं बसणारे काय वाचतात?” ती म्हणाली, “हेंच.” आपल्या तालुक्यांत आज तरुण मुलें जें सर्वांत अधिक तास वाचतात तें हें वाचन. कोणत्याही वाचकाच्या रोजनिशींत त्याची नोंद होत नाहीं, आणि त्यांतल्या भाषेविषयीं, त्यांतल्या इतिहासाविषयीं कोणी समीक्षक दोन ओळी लिहीत नाहीं. तालुक्याच्या पश्चिमेकडच्या पाड्यांतल्या मुलांना तर तें घरच्या बोलीहून वेगळ्या भाषेंत पाठ करावें लागतें. ह्या विषयावर स्वतंत्रपणें लिहिण्याचा आमचा विचार आहे.

परंतु ह्या नव्या रीतीनें मिळालेलें सर्वांत मोलाचें उत्तर एका गृहिणीचें. त्या भालचंद्र नेमाडे ह्यांची ‘कोसला’ वाचीत होत्या. १९६३ सालची ही कादंबरी. तिचा नायक पांडुरंग सांगवीकर आमच्याच खानदेशांतला, आणि तिच्यावर मराठींत जेवढें लिहिलें गेलें आहे तेवढें फार थोड्या कादंबऱ्यांवर लिहिलें गेलें असेल. तिची भाषा, तिचा उपरोध, पुण्यांतलें तें वसतिगृह, परात्मता, अस्तित्ववाद! आम्हीं त्यांतलें बरेंचसें वाचलेलें आहे, कांहीं आमच्या डोक्यावरून गेलेलें आहे. बाईंनीं एवढेंच सांगितलें, “मी मनीपाशीं थांबलें आहे.” मनी ही पांडुरंगाची धाकटी बहीण, ती देवींनीं जाते. पुढच्या महिन्यांत विचारलें तरी उत्तर तेंच. तिसऱ्या महिन्यांतही तेंच. त्यांनीं पुस्तक टाकलेलें नव्हतें; वाचनालयाच्या चिठ्ठीवर मुदत वाढवून घेतल्याचे शिक्के होते. त्या त्या पानांपर्यंत येत आणि मिटून ठेवीत. कोणीतरी म्हणालें, “पुढें तो पुन्हां थट्टा करूं लागतो, वाचा.” त्या म्हणाल्या, “म्हणूनच वाचवत नाहीं. घरांत असं झाल्यावर माणूस थट्टा करतो तेव्हां तो कसा असतो, तें मी पाहिलेलं आहे.”

‘कोसला’च्या विनोदाखालीं काय दडलें आहे हें आम्ही आजवर ज्या लेखांतून समजून घेत आलों, त्यांतल्या एकानेंही तें इतक्या थोडक्यांत सांगितलेलें नाहीं. आणि बाईंनीं कादंबरी पुरी वाचलेली नव्हती. पुरी वाचली असती तर कदाचित् आमच्याप्रमाणें त्याही भाषेविषयीं आणि उपरोधाविषयीं बोलल्या असत्या. पुस्तक मिटल्यावर माणूस निकाल देऊं लागतो. निकाल देतांना, आपण कुठें अडखळलों होतों, हें तो विसरतो किंवा लपवितो. वाचनाच्या मध्यावर असतांना त्याला तें लपवितां येत नाहीं. काळसेकरांच्या रोजनिशींत जेथें जेथें हें अडखळणें दिसतें तेथें तेथें तें पुस्तक आम्हांस सर्वांत जवळचें वाटलें. तिच्या पुढच्या वाचकानें हीं स्थळें शोधून वाचावीं, अशी आमची सूचना आहे. नांवांची यादी करूं नये. केली तर खिशांत ठेवूं नये.

हिशेबनीस गृहस्थ आतां बैठकीला येतात. त्यांचें सध्यां बहिणाबाईंच्या गाण्यांचें पुस्तक चालू आहे. सोपानदेवांनीं आईचीं गाणीं जपून ठेवलीं आणि १९५२ सालीं तीं छापून आलीं. स्वतः बहिणाबाईंना अक्षरओळख नव्हती. गृहस्थ रोज दुकान बंद केल्यावर एकच गाणें बायकोला वाचून दाखवितात, आणि लेवा बोलींतला एखादा शब्द अडला तर ती सांगते. तिचें माहेर जळगांवकडचें. “कुठवर आलांत?” असें विचारलें तर ते पान सांगत नाहींत. म्हणतात, “ती सांगेल तिथवर.”

आमच्यापुरतें बोलावयाचें तर दुर्गाबाई भागवतांचें ‘ऋतुचक्र’ (१९५६) आम्हीं चैत्रापासून महिन्याला एक प्रकरण ह्याप्रमाणें वाचावयास घेतलें होतें. वैशाख दोनदां वाचला. ज्येष्ठांत बरेच दिवस राहिलों. आषाढ एका बैठकींत संपला, आणि तो इतक्या घाईनें वाचावयास नको होता. आतां श्रावण संपत आला आहे आणि भाद्रपदाच्या पानांत खूण घालून ठेवली आहे. परंतु पिंपळनेरकडे अजून म्हणावा तसा पाऊस नाहीं, कानेचें पात्र कोरडें आहे, आणि तें प्रकरण उघडावयास हात होत नाहीं.